वारस लावला की बोजाही येतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकांच्या पत्रांत पंधरा दिवसांत दोन पत्रं आली आणि दोन्हींत मी होते. नावाने नाही, पण होते. पहिलं डोंबिवलीच्या एका गृहस्थांचं. देश असावा तर इस्रायलसारखा, एकाच्या बदल्यात दहा, आपणही ज्यूंकडून शिकावं, असा एकूण सूर. दुसरं कळव्याच्या एका तरुणाचं. ठाण्यात ज्यूंची पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती आहे, गाझात माणसं चिरडली गेली, यातल्या एकाने तरी चकार शब्द काढला का, हा त्याचा सवाल. पहिल्याने मला फुकटचा मान दिला, दुसऱ्याने फुकटचा जाब विचारला. दोन्ही साभार परत करावेत म्हणून कागद पुढ्यात घेतला. मान लगेच परत करता आला. जाबापाशी मात्र चार रात्री अडले. म्हणून पत्र लांबलंय. कापायचं झालं तर सुरुवातीचं कापा, पुढचं राहू द्या.

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू. वय 69, मुक्काम चरई. तेहतीस वर्षं सरकारी कचेरीत जमिनीच्या नोंदींचं काम केलं. सातबारा, फेरफार, वारस, बोजा. कुठल्या कचेरीत ते विचारू नका, पेन्शन चालू आहे.

आमचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून लागले आणि सात जोडपी वाचली, ही आमची कथा. पुढे कोकणात गावोगाव तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोकांनी नाव पाडलं शनवारतेली. आडनावं पेणकर, दिवेकर, केहिमकर, अष्टमकर. सणांची नावंसुद्धा इथलीच: नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा रोजा. योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाला, माझी आजी दारफाळणीचा सण म्हणायची. त्या दिवशी दारं लावून घ्यायची, कडक उपास करायचा, कोणाला शिवायचं नाही की कोणाशी बोलायचं नाही. दुसऱ्या दिवशी दार उघडायचं.

तेव्हा कळव्याच्या मुलाला पहिलं उत्तर सोपं होतं. बाबा रे, नेतान्याहूंना मी मत दिलेलं नाही, माझं नाव ठाण्याच्या मतदार यादीत आहे. राबोडीतल्या एखाद्या मुसलमानाला कोणी पाकिस्तानचा जाब विचारला की मला जसा राग येतो, तसाच हा राग. नरिमन हाऊसमध्ये जे झालं त्यानंतर आमच्या प्रार्थनास्थळांबाहेर पोलीस दिसतात. तिथे मारले गेलेले होल्ट्सबर्ग नवरा-बायको मुंबईत राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला जेवू घालत होते. नावावरून माणसाचा हिशोब मांडला की तो कुठे जाऊन थांबतो, हे आपण सगळ्यांनी 2008 साली कुलाब्यात पाहिलंय.

एवढं लिहून मी पेन खाली ठेवलं आणि मलाच ते पटेना.

कारण माझी सारी नोकरी एका वाक्यात गेली. म्हातारा गेला की मुलं यायची, मृत्यूचा दाखला घेऊन. 'बाई, आमची नावं चढवा.' चढवते. मग हळूच उताऱ्यावर बोट ठेवून: 'आणि ते इतर हक्कातलं तेवढं काढून टाका ना. सोसायटीचं कर्ज वडिलांनी काढलेलं, आम्हाला माहीतसुद्धा नव्हतं.' त्यांचं खोटं नसायचं. खरंच माहीत नसायचं. तरी मी एकच सांगायची, की वारस लावला की बोजाही येतो. शेत तुमचं आणि कर्ज बापाचं, असा उतारा निघत नाही. शेत नको असेल तर हक्कसोड करा, मग मोकळे.

आता माझाच उतारा काढते.

5 जुलै 1950 रोजी इस्रायलच्या संसदेने परतीचा कायदा केला. त्यानुसार जगातल्या कुठल्याही ज्यूला तिथे जाऊन नागरिक होता येतं. माझा जन्म ठाण्याचा, आईचा अलिबागचा, आजीचा रेवदंड्याचा. उद्या मी विमानात बसले तर माझी तिथे सोय आहे. आता इस्रायलमध्ये असलेल्या लोद गावात 1940 साली जन्मलेला एखादा अरब म्हातारा आज जॉर्डनमध्ये निर्वासितांच्या छावणीत असेल, तर त्याला स्वतःच्या गावी राहायला जाता येत नाही. मी 'परत' जाऊ शकते, जिथून मी कधी निघालेच नव्हते. तो निघाला, पण परत जाऊ शकत नाही. हा हक्क मी वापरला नाही. पण सोडलाही नाही, हे महत्त्वाचं. हक्कसोड मी केलेली नाही. मनाच्या एका कोपऱ्यात तो जपून ठेवलाय, लॉकरमधल्या पाटल्यांसारखा. इथे काही बरंवाईट झालंच तर. आमच्यातल्या बहुतेकांनी तो असाच ठेवलाय, आणि कोणी नाही म्हणत असेल तर खोटं बोलतोय.

माझ्या भावाने तो वापरला. 1971 साली गेला आणि लोदलाच स्थायिक झाला. ज्या विमानतळावर आपण उतरतो तो या लोदजवळच आहे. भाऊ विमानांच्या कारखान्यात फिटर होता. तिथे आणि शेजारच्या रामल्यात आपली मराठी माणसं पुष्कळ. वाटाणे, पोहे, कोकम सगळं मिळतं. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही तिकडून निघत आलंय. जुलै 1948 मध्ये या दोन गावांतून पन्नास हजारांहून जास्त अरबांना बाहेर काढलं गेलं, भर उन्हात, पायी. हे मला भावाने सांगितलं नाही. त्याला तो गेला तेव्हा ठाऊकही नव्हतं. रिकामी घरं कोणाची म्हणून विचारलं, तर 'सरकारची' एवढंच उत्तर. पुढे मी वाचलं: 1950 चाच एक कायदा आहे, गैरहजरांच्या मालमत्तेचा. मालक हजर नाही, सबब मालमत्ता सरकारी पालकाकडे. काही माणसं तर चार गावं सोडून, त्याच देशात होती, पण आपल्या घरात नव्हती म्हणून गैरहजर ठरली. हजर असून गैरहजर. आमच्या कचेरीतही कागद पाहून डोकं चक्रावायचं, पण अशी नोंद मी कधी पाहिली नाही.

आमच्या लोकांना तिकडे पायघड्या होत्या असंही कोणी समजू नये. काका 1950 च्या सुमाराला बीरशेबाला गेले. वर्णावरून वागणूक वेगळी, काम वेगळं, म्हणून आमच्यातल्या काही कुटुंबांनी 'आम्हाला भारतात परत पाठवा' म्हणत धरणं धरलं आणि 1952 मध्ये खरोखरच काही जण परत आले. 1962 साली तिथल्या मुख्य रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, फतवा काढला, की बेने इस्राएलांचं लग्न लावण्याआधी त्यांच्या आईकडच्या पिढ्या तपासा, हे खरे ज्यू आहेत का ते बघा. माझ्या चुलत बहिणीचं ठरलेलं लग्न त्यात अडलं. वडिलांनी ठाण्याहून आजी-पणजीच्या लग्नाचे कागद शोधून, नकला करून पाठवले. त्यासाठी पेण, पनवेल, अलिबाग पालथं घातलं. 1964 साली आमची माणसं जेरुसलेममध्ये रस्त्यावर बसली, तेव्हा कुठे सरकारने बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत असं जाहीर केलं. वडील तो सगळा पत्रव्यवहार कापडात बांधून ठेवत. 'आपणच आपण आहोत याचा पुरावा दे म्हणाले,' हे वाक्य ते मरेपर्यंत म्हणत.

हे ज्यांच्या घरात घडलंय, त्यांना कागद नसलेल्या माणसाचं दुःख अधिक कळायला हवं होतं. तसं होत नाही. पुष्कळदा उलटंच होतं.

2007 साली भाच्याच्या लग्नाला इस्रायलला गेले. (सरकारी नोकराला परदेशी जायची परवानगी काढताना जो छळ झाला, त्यावर वेगळं पत्र लिहीन.) लग्नानंतर सिनेगॉगच्या, म्हणजे तिथल्या प्रार्थनास्थळाच्या, मंडळींनी बस केली, इस्रायलने 1967 साली घेतलेल्या हेब्रोन या पॅलेस्टिनी गावी, मखपेलाच्या गुहेला. अब्राहाम, सारा, इसहाक, याकोब या आमच्या आद्य पूर्वजांच्या कबरी तिथे आहेत, अशी श्रद्धा. लहानपणापासून नाव ऐकलेलं. बसमध्ये सगळ्या आपल्या बायका, पुऱ्या आणि सुकी बटाट्याची भाजी. दर्शन झालं. रडलेही मी, का लपवू? मग शुहादा नावाच्या रस्त्याने थोडं चालत गेलो.

पूर्वीची भर बाजारपेठ. दोन्हीकडे दुकानं, एकूणएक बंद. माझ्या शेजारची एक बाई म्हणाली, 'आज शुक्रवार, यांची सुट्टी असेल.' मी एका दारापाशी थांबले. हिरव्या रंगाचं पत्र्याचं दार, रंगाचे पोपडे सुटलेले. कडीच्या जागी लोखंडाची पट्टी आडवी टाकून दोन्ही टोकांना वेल्डिंग केलेलं. डाकाचे मणी तसेच ठेवलेले, कोणी घासलेही नव्हते. खाली उंबरा मात्र मधोमध खोलगट, पायांनी झिजलेला. हे दुकान नव्हतं, घराचं दार होतं. वर पाहिलं तर गॅलरीला जाळी, आणि जाळीआड कपडे वाळत घातलेले. म्हणजे आत माणसं राहत होती. मग ती बाहेर पडतात कुठून? बसचा ड्रायव्हर म्हणाला, मागून, गच्चीवरून, शेजाऱ्याच्या जिन्याने.

आजीचा दारफाळणीचा सण मला त्या दारापाशी आठवला. आम्ही दार लावायचो ते आतून, आमच्या हाताने, वर्षातून एकदा, आमच्या पापांसाठी.

हेब्रोनचा इतिहास एकतर्फी नाही. 1929 साली तिथे 67 ज्यूंना शेजारपाजारच्या जमावाने कापलं. ज्यूंना लपवून वाचवणारेही शेजारीच होते. 1994 साली बारूख गोल्डस्टाइन नावाच्या वसाहतवाल्या (म्हणजे युद्धात घेतलेल्या जमिनीवर वस्ती केलेल्या ज्यू) डॉक्टरने त्या गुहेवरच्या मशिदीत नमाजाला वाकलेल्या 29 माणसांना गोळ्या घातल्या. आता बघा, त्यानंतर इस्रायलने बाजारपेठ बंद करत नेली ती मेलेल्यांच्या बाजूची.

भाचा त्या गावात सैन्यात होता, 2002-03 च्या सुमाराला. लग्नाच्या गडबडीत नाही, सगळे पांगल्यावर एका रात्री गॅलरीत तो बोलला. अर्धं मराठी, अर्धं हिब्रू. 'आत्या, रात्री दोनला दार वाजवायचं. घरच्यांना उठवून एका खोलीत बसवायचं. मग बाकीच्या खोल्यांचा नकाशा काढायचा, खिडक्या किती, दारं कुठे, माणसं किती, त्यांची नावं. शोधायचं काहीच नसायचं. नुसतं मॅपिंग. महिन्याने दुसरी तुकडी, पुन्हा तेच घर, पुन्हा तोच नकाशा.' मी विचारलं, मग पहिल्या नकाशाचं काय? तो हसला. 'फाइल कोण उघडतं?' कचेरीतल्या बाईला हे लगेच पटलं. मग म्हणाला, 'एका घरातली अकरा नावं मला अजून पाठ आहेत, आजोबांपासून तान्ह्या पोरापर्यंत. आपल्या आजोबांच्या भावांची नावं मला माहीत नाहीत.'

याच काळात हेब्रोनला नोकरी केलेल्या काही सैनिकांनी 2004 मध्ये 'ब्रेकिंग द सायलेन्स' ही संस्था काढली आणि आपण काय केलं ते जाहीर सांगायला सुरुवात केली. भाचा त्यांच्यात नाही. तो त्यांना शिव्या देतो. तरीही त्याने मला जे सांगितलं, ते अगदी तेच होतं.

माझ्या धंद्याबद्दल थोडं बोलते, कारण वर्तमानपत्रात रणगाडे येतात, रजिस्टर येत नाही. 1967 च्या जूनमध्ये सहा दिवसांच्या युद्धात इस्रायलने जॉर्डन नदीचा पश्चिम किनारा घेतला. तोवर जॉर्डनच्या अंमलाखाली तिथल्या साधारण एक तृतीयांश जमिनीची पक्की नोंदणी झाली होती. 1968 साली लष्करी हुकूम निघाला आणि उरलेल्या जमिनीची नोंदणी थांबवली. फक्त थांबवली. ज्याने सातबाऱ्याच्या टेबलावर एक वर्ष काढलंय, त्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. कुळाकडे वहिवाट आहे, आज्याची झाडं आहेत, कराच्या पावत्या आहेत, पण पक्का कागद नाही, आणि नोंदणीच थांबल्यावर होणारही नाही. 1979 मध्ये एलोन मोरे वसाहतीच्या खटल्यात इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने खासगी जमीन लष्करी निकडीचं कारण दाखवून वसाहतीला देण्यास मनाई केली. मग दुसरी वाट काढली. तुर्कांच्या अमलातला 1858 चा जमीन कायदा काढला, ज्यात कसली न गेलेली जमीन सरकारजमा होते, आणि डोंगरच्या डोंगर 'सरकारी जमीन' म्हणून जाहीर केले. आज पश्चिम किनारा आणि पूर्व जेरुसलेम मिळून सात लाखांच्या आसपास वसाहतवाले आहेत. एकाच टेकडीवर दोन शेजारी. वसाहतवाल्याने दगड मारला तर त्याच्यासाठी इस्रायलचं मुलकी न्यायालय, पॅलेस्टिनीने मारला तर लष्करी न्यायालय. जुलै 2024 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हा सगळा ताबाच बेकायदा असल्याचं मत दिलं. ताबा. आमच्याकडे कब्जा म्हणतात.

इथे कोणी म्हणेल, बाई, जमिनी काय नव्या मुंबईत गेल्या नाहीत? गेल्या. 95 गावांच्या गेल्या. मी नोकरीला लागून दोन वर्षं होत नाहीत तोच जानेवारी 1984 मध्ये जासईला गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. पुढे कितीतरी वर्षं एक आगरी म्हातारा आमच्याकडे यायचा. दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून, त्यात एकेक कागद वेगळा घातलेला. पावसात भिजू नये म्हणून. मी त्याला कधी काही देऊ शकले नाही, तारखा सोडून. त्याचे डोळे मी विसरले, त्या पिशव्या विसरले नाही. पण त्याच्यामागे दि. बा. पाटील होते, मोर्चा होता, मत होतं. साडेबारा टक्के जमीन परत देण्यापुरतं का होईना, सरकारला वाकावं लागलं. ज्या सरकारने जमीन घेतली ते पाडायचं बोट त्याच्याकडे होतं. हेब्रोनच्या गच्चीवरून उतरणाऱ्याकडे ते बोट नाही, आणि या गोष्टीला पन्नासच्या वर वर्षं झाली.

आता 7 ऑक्टोबरबद्दल, नाहीतर पत्र अर्धंच राहील. 2023 ची ती सकाळ. टेंभी नाक्यावर देवीच्या मंडपाचं काम चालू होतं. फोनवर वहिनी, सुरक्षित खोलीतून, कुजबुजत. हमासने त्या दिवशी सुमारे 1,200 माणसं मारली, 251 ओलीस नेली. तान्ह्या मुलांसकट, म्हाताऱ्यांसकट. त्याला मुक्तिसंग्राम म्हणणारी पत्रंही आपण छापलीत, आणि त्यांच्याशी माझं भांडण आहे. मारलेल्यांत बेएरी या किबुत्झच्या (सामुदायिक शेतीच्या वस्तीच्या) व्हिव्हियन सिल्व्हर होत्या, 74 वर्षांच्या. गाझातल्या आजाऱ्यांना इस्रायलच्या दवाखान्यात नेण्यासाठी त्या गाडी घेऊन सीमेवर जायच्या. महिनाभर सगळ्यांना वाटत होतं की त्या ओलीस आहेत. मग अवशेष ओळखले गेले. त्यांचा मुलगा आज शांततेसाठीच काम करतो. मला नाही ते जमलं. पहिले दोन महिने मी रोज रात्री बातम्या लावून, गाझावर बॉम्ब पडताना 'बरं झालं' म्हणत होते. मोठ्याने. एकटीच असते घरी.

नंतर आकडे वाढत गेले. दहा हजार, वीस, तीस. गाझाच्या आरोग्य खात्याच्या मोजणीत साठ हजारांच्या वर गेले. एके रात्री पडद्यावर एका बाईच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी होती आणि पिशवीत कागद होते. बाकी काही वाचवलं नव्हतं तिने. मी टीव्ही बंद केला. 'बरं झालं' त्यानंतर तोंडून निघालं नाही.

गेल्या आठवड्यात आमच्याकडे तू बिश्वात झाला, झाडांचं नवं वर्ष. आम्ही त्याला एलियाहू हन्नाबीचा उरूस म्हणतो. जगातले इतर ज्यू त्या दिवशी फळं खातात, झाडं लावतात. एलिया संदेष्ट्याचा मलिदा करतो तो आम्हीच, कोकणवाले. अलिबागजवळ सागावच्या बाजूला खंडाळ्याला खडकावर त्याच्या रथाची खूण आहे अशी आमची श्रद्धा, तिथे नवस फेडायला जातात. यंदा वसंत विहारला एका नातेवाइकांकडे मलिदा होता. पोहे भिजवलेले, ओलं खोबरं, साखर, वेलदोडा, वर पाच फळं, सब्जाची पानं. गाणं झालं. प्रसाद वाटायच्या आधी मी म्हटलं, आज एलियाची एक गोष्ट वाचू या, बायबलमधल्या राजांच्या पहिल्या पुस्तकातला एकविसावा अध्याय.

गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. अहाब राजाच्या वाड्याला लागून नाबोथाचा द्राक्षमळा. राजा म्हणतो, मला दे, बदल्यात याहून चांगला देतो, नाहीतर रोख घे. नाबोथ म्हणतो, बापजाद्यांचं वतन आहे, देणार नाही. राजा रुसून भिंतीकडे तोंड करून झोपतो, जेवत नाही. मग राणी ईजबेल सूत्रं हाती घेते, आणि इथे माझ्यातली कारकून जागी होते: ती राजाच्या नावाने पत्रं लिहिते, राजाचा शिक्का मारते, गावच्या वडीलधाऱ्यांना पाठवते, दोन साक्षीदार उभे करते. नाबोथ रीतसर दोषी ठरतो, रीतसर दगडांनी मारला जातो. कागद एकदम चोख. एकही सही कमी नाही. राजा ताबा घ्यायला मळ्यात जातो, आणि तिथे एलिया उभा असतो. तो विचारतो: खून केलास, आणि वर वारसही झालास?

अहाबाची राजधानी शोमरोन आज नाबलूसजवळ सेबास्तिया गावात आहे. म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरच, ऑलिव्हच्या बागांमध्ये.

वाचून झालं तेव्हा खोलीत कोणी बोललं नाही. मग यजमानांचे मोठे भाऊ म्हणाले, 'ताई, सणाच्या दिवशी राजकारण कशाला?' मी म्हटलं, मी एक शब्द घातलेला नाही, पुस्तकातलं वाचलं. ते म्हणाले, 'तेच म्हणतोय. निवडून वाचलंत.' बरोबर होतं त्यांचं. निवडूनच वाचलं होतं. घरी जाताना त्यांच्या सुनेने रिक्षापाशी येऊन विचारलं, तो कितवा अध्याय म्हणालात?

डोंबिवलीच्या गृहस्थांना एवढंच सांगणं आहे, की तुम्ही ज्या ज्यूंकडून शिकायला सांगता, त्यांत मला येशायाहू लाइबोविट्झही दिसतात. कडवे धार्मिक, शास्त्रज्ञ. 1967 च्या विजयाचे फटाके वाजत असताना ते म्हणत होते, की परक्या लोकांवर राज्य करू नका, यात आपणच सडू. 1994 साली वारले, तोवर शिव्या खात तेच म्हणत राहिले. हंगामात ऑलिव्ह तोडणाऱ्या पॅलेस्टिनी शेतकऱ्यांच्या आणि वसाहतवाल्यांच्या मध्ये जाऊन उभे राहणारे रब्बी आहेत, 1988 पासून त्यांची संघटना आहे. त्यांच्याकडून शिकणार असाल तर शिका. आणि आणखी एक. पॅलेस्टिनी मजुरांचे परवाने बंद झाल्यावर त्यांच्या जागी 2024 मध्ये आपल्या हरियाणा, उत्तर प्रदेशातून गवंडी, सुतार, लोखंड बांधणारे भरती करून नेले. पोटासाठी गेलेल्या पोरांना मी काही म्हणत नाही. पण बोजा निव्वळ माझ्याच उताऱ्यावर आहे असं समजून निवांत बसू नका.

कळव्याच्या मुला, तुला मात्र उत्तर द्यायचंय. नावावरून तू मला विचारायला नको होतंस, हे पहिलं उत्तर मी मागे घेत नाही. पण तू विचारलं नसतंस तरी मला ते द्यायचंच होतं, फक्त तुला नव्हे. योम किप्पूरला आम्ही कबुली म्हणतो ती सगळी 'आम्ही'त असते. आम्ही लुबाडलं, आम्ही खोटं बोललो. मी नसेल लुबाडलं, शेजारच्या बाकावरच्याने नसेल, तरी म्हणताना छातीवर मूठ मारून 'आम्ही'. नोबेल मिळालं की 'आमचा', किबुत्झने वाळवंटात टोमॅटो पिकवला की 'आमचा', आणि हेब्रोनचं दार आलं की 'ते इस्रायल सरकारचं धोरण'? असा उतारा मी तेहतीस वर्षांत कोणाला दिला नाही. तेव्हा मी म्हणते: ते दार आम्ही बंद केलं. हे मी पुढच्या योम किप्पूरपर्यंत थांबून, हिब्रूत, माझ्याच लोकांत म्हटलं असतं तर सोपं होतं. म्हणून मराठीत, छापून.

याने तिथला एक दगड हलणार नाही, हे मला कळतं. भावाला कळवलंय, तो आठ दिवस फोन उचलत नाहीये. नाव छापू नये अशी विनंती करतेय ती त्याच्यासाठी नाही, भाच्याच्या मुलासाठी. तो यंदा अठराचा होतोय, सैन्यात जाणार. त्याला कुठे पाठवतात ते अजून ठरायचंय. नाव झाकून कबुली देणं भित्रेपणाचं आहे, हे तुम्ही लिहायच्या आत मीच लिहिते.

ता. क. डोंबिवलीच्या पत्रासोबत आपण टेंभी नाक्याजवळच्या आमच्या सिनेगॉगचा, शाआर हाशामाईमचा, फोटो छापलात. खाली ओळ होती: 'ठाण्यातील इस्रायली प्रार्थनास्थळ'. ते 1879 साली बांधलं. तेव्हा इस्रायल नावाचा देश व्हायला 69 वर्षं अवकाश होता. दुरुस्ती छापावी.

आपली,
एक वाचक
चरई, ठाणे (प.)